शिंप्याचा बंद फोन

तबस्कीला, म्हणजे बकरी ईदला, दहा दिवस उरले की डकारमधले शिंपी फोन बंद करून टाकतात. हे कुणाला शिकवावं लागत नाही. ईदच्या सकाळी अंगात नवा झगा नसेल तर शेजारणीसमोर कसं जायचं, या धास्तीनं अख्खं शहर शिंप्याच्या मागे लागलेलं असतं. शिंप्यानंही वर्षभर जी जी बाई कापड घेऊन आली तिला "होईल की मावशी, ईदच्या आत नक्की" असं बिनदिक्कत सांगून ठेवलेलं असतं. मग शेवटच्या दहा दिवसांत फोन बंद ठेवण्यावाचून इलाज उरत नाही. लातिर फायनं सोमवारी सकाळीच तो बंद केला आणि सुटकेचा निःश्वास टाकून झग्यांच्या गळ्यांवरच्या भरतकामाला लागला.

आता हा लातिर भरतकामात जितका हुशार तितकाच बाकीच्या व्यवहारात बावळट. ज्या आठवड्यात फोन चालू ठेवायला हवा होता, नेमका त्याच आठवड्यात त्यानं तो बंद ठेवला होता.

कारण असं की, रविवारी जेनाबानं त्याला सांगितलं होतं, "इटलीवाल्याची माणसं शुक्रवारी आमच्याकडे येतायत. गुरुवारी संध्याकाळी भेट. काय ते तेव्हाच बोलू." जेनाबा वान आणि लातिर यांचं दोन वर्षं चाललं होतं. इटलीवाला म्हणजे तिच्याच गल्लीतला एक जण. तिकडे कारखान्यात कामाला होता आणि सुट्टीवर आला की दर वेळी नवी गाडी भाड्यानं घेऊन फिरायचा. लातिरनं घाबरून त्याच संध्याकाळी रुफिस्कला आपल्या जेगान काकांना फोन लावला. वडील गेल्यापासून घरातले सगळे निर्णय काकांकडेच असत. "काका, तुम्ही जाऊन तिच्या घरी शब्द टाका. तुम्ही जे कराल ते मला मान्य. मला विचारायचीसुद्धा गरज नाही." काका म्हणाले, "ईदच्या तोंडावर? मेंढा घ्यायचाय, छप्पर गळतंय. बघतो." काकांचं "बघतो" म्हणजे काय हे लातिर लहानपणापासून ओळखून होता. काका ईदच्या आत हलत नाहीत हे त्यानं गृहीत धरलं आणि सोमवारी फोन बंद केला.

गुरुवारी सूर्य बुडायच्या सुमाराला तो दुकानातून मागच्या दारानं निसटला. पुढच्या दारी दोन बायका ठाण मांडून बसल्या होत्या. खिशात तीन हजार फ्रँक होते आणि सवयीनं बरोबर घेतलेला बंद फोन. जाता-येता बस, कॉफी, शेंगदाणे, अर्धा किलो भाजलेलं मटण. नीट वागलं तर भागण्यासारखं होतं. निदान शेवटची संध्याकाळ तरी बरी जावी, एवढंच त्याच्या मनात होतं.

जेनाबा थांब्यावर उभी होती. तिला पाहून तो जागीच थबकला. अंगात निळा नवा झगा, कपाळापर्यंत ओढलेली ओढणी, हातांवर मेंदी. ईद तर अजून लांब होती.

एरवी ती त्याला पाहिल्या पाहिल्या ओरडायची, "आला बघा माझा गुलाम! भाताचं पोतं!" आणि तो म्हणायचा, "मालकाला हाक मारायची ही रीत?" तो सेरेर जमातीचा, ती तुकुलेर जमातीची. सेरेर आणि तुकुलेर एकमेकांना गुलाम, हावरट, भातखाऊ असं काहीही म्हणतात. बापजाद्यांपासून चालत आलेली थट्टा आहे ती. त्यात ज्याला राग येईल त्याचंच हसं होतं. या दोघांचं जमलं तेच मुळी अशा भांडणातून.

आज मात्र गुडघे किंचित वाकवून, नजर खाली ठेवून तिनं नमस्कार केला. थोरल्या माणसाला करावा तसा.

लातिरनं विचारलं, "बरी आहेस ना?"

"बरी आहे. तू?"

"मी पण."

ती अजून कशाची तरी वाट पाहत असल्यासारखी उभी होती. मग तिनं विचारलं, "कशानं जायचंय?"

"बसनं. का?"

"बसनं," ती म्हणाली. "आज."

आज काय झालंय, हे त्याला कळेना. गेली दोन वर्षं ती दोघं बसनंच जात होती. आपण टॅक्सी करायला हवी होती का? इटलीवाला गाडीतून फिरवतो, म्हणून बस आता डोळ्यांत खुपते की काय? तेवढ्यात निळी-पिवळी बस आली आणि दोघं एका बकऱ्याच्या दोन बाजूंना बसली. बकरा कुणाचा तरी ईदचा होता आणि दोघांपेक्षा तोच जास्त निवांत होता.

सुंबेदियूनला उतरून ती दोघं समुद्राकाठच्या रस्त्यानं चालू लागली. कोळ्यांच्या होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या होत्या. लातिरनं दोन कप तुबा कॉफी आणि शेंगदाण्यांची पुडी घेतली. कॉफीत लवंग आणि मिरी नेहमीसारखीच होती, पण त्याला काही चव लागेना.

"तुझ्या घरी सगळे खूश आहेत ना?" तिनं विचारलं.

"खूश? असतील. मेंढा अजून मिळाला नाही."

"मेंढ्याचं नाही विचारत मी. आई काय म्हणाली?"

"कशाबद्दल?"

जेनाबा थांबली. त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि पुन्हा चालायला लागली. "काही नाही. माझी आई तर दुपारपासून रडतेय."

झालं, लातिरला वाटलं. इटलीवाल्याची माणसं शुक्रवारची वाट न पाहता आजच येऊन गेली. नाहीतर आई कशाला रडेल? पण तिची आई तर इटलीवाल्यावर खूश होती म्हणे. मग आनंदानं रडतेय की काय? आणि ही मेंदी? विचार करकरून त्याचं डोकं भणभणायला लागलं. झग्याच्या गळ्यावर चुकून उलटी भरलेली नक्षी उसवताना जसं कुठला धागा ओढावा ते कळत नाही, तसं त्याचं झालं होतं.

"जेनाबा, तू रविवारी म्हणाली होतीस, बोलायचंय."

"आता बोलण्यासारखं काय उरलंय?" ती म्हणाली. "जे व्हायचं ते झालं की." मग हळूच, "तुला काहीच बोलायचं नाही?"

"मी काय बोलणार?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला ती समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. लातिर शेंगदाणे सोलत राहिला आणि एकही न खाता पुडीत परत टाकत राहिला.

"भूक लागली," बऱ्याच वेळानं ती म्हणाली. "हमादीकाकांच्या दिबीवर जाऊ. ते आमच्यातलेच, आमच्या मशिदीतले आहेत. आज तिकडेच जायला हवं."

दिबी म्हणजे कोळशावर भाजलेलं मटण. हमादी थियामची टपरी कोळीवाड्याच्या कडेला होती. एक जाळी, एक लाकडी ठोकळा, एक बाक. म्हातारा उंच, वाळलेला, आणि हातातला सुरा त्याच्याहून जुना. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. ईदच्या आधी मटणावर पैसे कोण घालवणार? त्यानं जेनाबाला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"हाच का गं?"

जेनाबानं मान खाली घालून होकार दिला.

"नाव काय रे?"

"लातिर."

"लातिर बाजारात पैशाला पासरी मिळतात. कूळ सांग, कूळ."

"फाय."

"फाय!" म्हाताऱ्यानं सुरा ठोकळ्यात रुतवला. "म्हणजे आमचा पळालेला गुलाम! कितीतरी वर्षं शोधतोय आम्ही तुला. कुणी मोकळं सोडलं?"

संध्याकाळभरात पहिल्यांदा लातिरला आपल्या पायांखाली जमीन लागल्यासारखं वाटलं. या भाषेत त्याला कुणी हरवू शकत नव्हतं. "तुम्ही कोण?"

"थियाम."

"मग उलटं सांगताय, काका. आमच्या आजोबांकडे थियाम गोठा साफ करायला होते. पगार म्हणून भाताची खरवड दिली, तर खरवडीबरोबर भांडंही खाऊन पळाले. ते भांडं आणलंय का?"

म्हातारा पोट धरून हसला. अर्धा किलो तोलून झाल्यावर त्यानं मुद्दाम दोन बरगड्या काढून स्वतःच्या ताटात टाकल्या आणि मग चार वरून घातल्या. "आज दुपारी तुझा कोला खाल्ला मी. कडू होता. फायांच्या हातचा, दुसरं काय असणार."

लग्नात वाटतात त्या कोलाच्या बीचं नाव निघालं, तेव्हा हीही थट्टाच समजून लातिर म्हणाला, "माझ्या लग्नाला तुम्ही आला असता तर पाहुण्यांना खाऊ काय घातलं असतं?"

"आलो होतो म्हणून तर सांगतोय. पण तू कुठे होतास?"

"कपडे शिवत होतो. तुम्हा लोकांना अंगभर कपडे घालायला शिकवायचंय अजून."

"घे." म्हाताऱ्यानं खिशातून कोलाची अर्धी बी काढून त्याच्या हातावर ठेवली. "तुझीच आहे. खा, म्हणजे कळेल किती कडू ते." आणि जेनाबाकडे वळून म्हणाला, "जावई बरा आहे गं. डोकं नाही, पण तोंड चालतं."

म्हातारा कांदा चिरायला वळला. जेनाबा कितीतरी वेळानं हसली होती. गरम मटणाचा कागद दोघांच्या मधे होता, पण तिनं हात लावला नव्हता.

"मला वाटलं होतं, तुला काही वाटतच नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "आता तरी बोल. एकदा तुझ्या तोंडून ऐकू दे मला. मग मी घरी जाईन."

लातिरच्या लक्षात आलं, किंवा लक्षात आलं असं त्याला वाटलं. ती स्वतः 'मला सोड' म्हणू शकत नव्हती. घरच्यांनी ठरवलं, मेंदी लागली, आणि आता आपल्या तोंडून निरोप मिळाला की ती हलक्या मनानं जाणार. जाऊ दे. मोठ्या मनानं द्यावा. त्यानं हात पुसले, घसा साफ केला.

"मला कळलंय सगळं. तू सांगितलं नाहीस तरी कळलं. तुझ्या घरच्यांनी ठरवलंय, त्यावर मी काही म्हणणार नाही. तुझ्या वाटेत मी येणार नाही, जेनाबा. तू मोकळी आहेस. मी तुला सोडलं."

ठोकळ्यावरचा सुरा थांबला.

"काय म्हणालास?" जेनाबानं विचारलं.

"म्हटलं, मोकळी आहेस तू. मी तुला सोड..."

"तोंड मीट!" हमादी थियाम जाळीवरून झेपावला तो थेट लातिरच्या तोंडावर हात ठेवूनच थांबला. हाताला कांदा होता. "तिसऱ्यांदा बोललास तर जीभ भाजून काढीन तुझी! अरे, लग्नाला अजून दिवससुद्धा झाला नाही आणि सोडलं म्हणतोस?"

"कुणाच्या लग्नाला?" लातिर म्हाताऱ्याच्या बोटांतून म्हणाला.

"तुझ्या!"

"कुणाशी?"

"हिच्याशी, गाढवा! दुपारच्या नमाजानंतर, आमच्या मशिदीत. तुझा काका आला होता, रुफिस्कचा, एका डोळ्यानं तिरळा. कोला घेऊन आला. हिच्या चुलत्यानं हिला विचारून घेतलं होतं, इमामसाहेब समोरच होते, उद्या ते इटलीवाले यायचे म्हणून आजच गाठ बांधून टाकली. मी पहिल्या ओळीत बसलो होतो!"

लातिर हसला. हसणंच सुचलं त्याला. "थियामकाका, आता पुरे हं थट्टा."

"थट्टेत बाईमाणूस असं रडतं का कधी?"

त्यानं जेनाबाकडे पाहिलं. तिनं ओढणीत तोंड लपवलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. मेंदीचे हात. नवा झगा. गुडघे वाकवून केलेला नमस्कार. आईचं रडणं. सगळी संध्याकाळ त्याच्या डोक्यात उलटी फिरायला लागली. त्यानं खिशातला फोन काढला आणि चालू केला. फोन जो थडथडायला लागला तो थांबेचना. गिऱ्हाइकांचे साठ-सत्तर निरोप. जेगान काकांचे चौदा फोन. आणि आईचा आवाज, मागे बायकांचा कल्लोळ: "लातिर, अरे कुठे आहेस? काकांनी सगळं उरकलं बघ! इमामसाहेब तिथेच होते. आता तू बायको असलेला माणूस झालास. फोन उचल रे बाबा!"

त्याला आनंद व्हायला हवा होता. झालाही, डोळ्यांत पाणी येण्याइतका. आणि त्याच क्षणी त्याला आपले मघाचे शब्द आठवले. बाकावर बसून त्यानं म्हाताऱ्याकडे पाहिलं. "म्हणजे माझं लग्न झालं. आणि आत्ता मी ते मोडलं?"

हमादी थियाम जाळीकडे वळला. तिथलं उरलेलं मटण करपत होतं, त्यानं ते बाजूला घेतलं. मग हात धुऊन, बाकावर त्या दोघांच्या मधे बसला.

"हे बघ. गाठ बांधलीय हे ज्याला माहीतच नाही, तो सोडणार काय? उद्या सकाळी इमामसाहेबांना विचारू. चाळीस वर्षं ओळखतो मी त्यांना, हेच म्हणतील. ही झाली एक गोष्ट." त्यानं बोट उचललं. "दुसरी अशी की, हा फाय. फाय आमचा गुलाम. मालकाच्या परवानगीशिवाय गुलामाला कुणाला मोकळं करता येत नाही. आणि मी परवानगी देत नाही. मिटलं."

रडता रडता जेनाबाच्या तोंडून हसू फुटलं. पण ते लगेच मावळलं. तिनं डोळे पुसले आणि म्हाताऱ्याच्या खांद्यावरून लातिरकडे पाहिलं.

"दोनदा म्हणालास तू. लग्नाचं माहीत नव्हतं, ते ठीक. पण मी इटलीवाल्याकडे जातेय असं वाटलं, आणि तू मला सोडून मोकळा झालास? मटण गार व्हायच्या आत? सकाळी चुलत्यांनी मला विचारलं तेव्हा मी श्वास घ्यायलासुद्धा थांबले नाही. हो म्हटलं."

लातिरनं थट्टेत काही सापडतंय का ते शोधून पाहिलं.

"मला वाटलं, भांडायचं कशाच्या जोरावर?" तो शेवटी म्हणाला. "खिशात तीन हजार फ्रँक घेऊन आलो मी. तो विमानानं येतो. तू गेलीस तर तुझं भलंच होईल, असं मनाला समजावत होतो. संध्याकाळभर समजावतोय. जमलं नाही गं."

म्हातारा उठला आणि उगाचच कोळसे ढवळायला गेला.

"तुला कुणी विचारलंच नाही ना," जेनाबा म्हणाली. "मला विचारलं. तुला नाही."

"मी काकांना सांगून ठेवलं होतं, विचारू नका म्हणून."

"मग आता मी विचारते. शुद्धीवर आहेस?"

"आहे."

"मी बायको म्हणून हवीय का तुला?"

"हवीस."

"ऐकू नाही आलं."

"हवीस!" लातिर इतक्या जोरात ओरडला की होड्यांपाशी जाळी विणणारे दोघे-तिघे उठून बघायला लागले. म्हाताऱ्यानं त्यांना हातानं खूण केली, काही नाही, एक फाय आहे.

जेनाबानं मटणाचा कागद स्वतःकडे ओढला आणि पहिला घास घेतला. भूक खरंच लागली होती तिला. दुसरी बरगडी तोंडाशी नेताना ती म्हणाली, "आईनं बजावलं होतं, आजच्या दिवशी तरी नवऱ्याला गुलाम म्हणू नको. संध्याकाळभर जीभ चावून बसलेय मी. आता नाही जमायचं. ऐकतोस का रे, गुलामा, भाताच्या पोत्या?"

"ऐकतोय," लातिर म्हणाला. आणि इतका वेळ आवरून धरलेलं रडू त्याला आलं.

मटणाचे पैसे थियामनं घेतले नाहीत. गुलामाकडून मी पैसे घेत नाही, म्हणाला. लातिर टॅक्सीला हात करायला रस्त्याकडे धावला, तर जेनाबानं त्याला बाहीला धरून मागे ओढलं. टॅक्सी कशाला, बस आहे की. उरलेले पैसे आता एकट्याचे नव्हते.

थांब्यावर फोन पुन्हा वाजला. कुणी गिऱ्हाईक होतं. लातिरचा अंगठा सवयीनं बंद करायच्या बटणाकडे गेला, पण त्याआधीच तिनं फोन हातातून काढून घेतला होता.

"हॅलो? नाही, तो नाही. मी त्याची..." ती अडखळली. तो शब्द अजून तिनं तोंडानं उच्चारला नव्हता. मग तिनं ओढणी सारखी केली आणि फोन कानाला घट्ट धरला. "मी त्याची बायको बोलतेय, मावशी. हो, आजच. झगा शनिवारी न्या. नाही, आता फोन बंद राहणार नाही."